नकाराला जागा हवी

"मॅडम, कुणाची किडनी चालेल?"

पुण्यातल्या एका रुग्णालयात मी प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. माझ्या खोलीत पहिल्यांदा येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब हाच प्रश्न घेऊन येतं. विचारणारा बहुधा पेशंटचा भाऊ किंवा मेहुणा असतो. हातात जाडजूड फाइल, फाइलमध्ये चढत गेलेल्या क्रिएटिनिनचे रिपोर्ट. पेशंट गप्प असतो. त्याची बायको दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली असते, आणि प्रश्न विचारून झाला की सगळ्यांची नजर एकदा तिच्याकडे जाते.

वैद्यकीय उत्तर सोपं आहे. दात्याचं वय अठराच्या वर हवं. दोन्ही मूत्रपिंडं निरोगी हवीत, मधुमेह नको, रक्तदाब काबूत हवा. रक्तगट जुळायला हवा. ओ गटाचा माणूस कुणालाही देऊ शकतो आणि एबी गटाच्या पेशंटला कुणाचंही चालतं. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे संबंध नसतो, हे कळल्यावर निम्म्या घरांचा जीव भांड्यात पडतो. मग एचएलए, क्रॉसमॅच, डीटीपीए स्कॅन, सीटी अँजिओ अशी तपासण्यांची रांग. हे सगळं छापील पत्रकावरही असतं.

त्या पत्रकात नसलेली गोष्ट म्हणजे ते मागायचं कसं. उसने पैसे कसे मागायचे, लग्नात मदत कशी मागायची, याच्या रीती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. कुणी किती द्यायचं, कुणी आधी विचारायचं, नाही म्हणायचं असेल तर कोणतं कारण पुढे करायचं, हे घरात लहानपणापासून दिसतं. जिवंत माणसाच्या शरीरातला अवयव मागायची रीत नाही. त्यामुळे घरं जे जमतं ते करतात. कुणी आई सुनेपुढे पदर पसरते. कुणी बाप धाकट्या मुलाला सगळ्यांसमोर म्हणतो, "तुझ्या भावाचा जीव तुझ्या हातात आहे." कुणी सत्यनारायणाच्या पूजेला जमलेल्या नातेवाइकांत विषय काढतो. या सगळ्यांत प्रेमच असतं. पण अशा मागणीला नाही म्हणता येत नाही, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथे मिळालेल्या होकारावर मला विश्वास ठेवता येत नाही. माझ्या नोकरीचा खरा भाग इथून सुरू होतो.

सगळ्यात आधी भीतीबद्दल. "एका किडनीवर माणूस जगतो का हो?" हा प्रश्न दाता विचारतो, तो सहसा एकटा असताना. मी त्याला हेरिक बंधूंची गोष्ट सांगते. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन इथल्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचं एक मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवलं. जगातलं हे पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. मूत्रपिंड देणारा रोनाल्ड २०१० पर्यंत जगला, म्हणजे देऊन झाल्यावर छप्पन्न वर्षं. मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. राहिलेलं एक मूत्रपिंड काही महिन्यांत आकाराने थोडं वाढतं आणि पूर्वीच्या एकूण कामापैकी साधारण सत्तर टक्के काम एकटं उचलतं.

एवढं सांगून थांबलं तर दाता खूश होतो आणि कुटुंबही. पण धोकाही मी आकड्यांत सांगते. दात्याच्या शस्त्रक्रियेत दहा हजारांमागे साधारण तीन मृत्यू होतात. मूत्रपिंड दिलेल्या माणसाचं राहिलेलं मूत्रपिंड पुढे आयुष्यात निकामी होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते, पण तितक्याच निरोगी असलेल्या न दिलेल्या माणसापेक्षा ती जास्त असते. तरुण स्त्रीने दिलं आणि नंतर तिला दिवस गेले, तर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो. हे सांगायला लागले की फाइलवाला मेहुणा अस्वस्थ होतो. "मॅडम, तुम्ही तिला घाबरवताय." एका गृहस्थांनी माझी वरिष्ठांकडे तक्रारही केली होती. मी सांगणं सोडलं नाही. जिच्या शरीरावर सुरी चालणार आहे तिला हे आकडे माहीत असायलाच हवेत. ते ऐकून बहुसंख्य लोक देतातच. मला आठवतात त्या अनेक आया तर आकडा पुरता ऐकूनही घेत नाहीत.

बायकांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं.

पूर्वी रक्ताच्या नात्यातलीच किडनी चालते, असा समज होता आणि त्याला कारणही होतं. उती जेवढ्या जुळतील तेवढं बरं, असं वैद्यकशास्त्र मानत होतं. औषधं सुधारली तसं चित्र बदललं. १९९५ मध्ये पॉल तेरासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतली आकडेवारी मांडून दाखवलं की नवरा-बायकोत, म्हणजे रक्ताचं नातं नसताना झालेल्या प्रत्यारोपणाचे निकालही उत्तम लागतात. दात्याच्या शोधातली ही फार मोठी बातमी होती. तिने हजारो घरं वाचवली. पण आपल्या समाजात याच बातमीने बायकोच्या नावावर एक नवं काम चढलं. सासरी आलेल्या मुलीचं 'रक्ताचं नाही' हे कारण गेलं.

आकडे पाहा. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेकडच्या माहितीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या छत्तीस हजारांहून अधिक प्रत्यारोपणांत एकोणतीस हजारांवर पुरुषांना अवयव मिळाले, स्त्रियांना सात हजारांच्या आत. जिवंत दात्यांमध्ये हे प्रमाण नेमकं उलटं होतं, पाचातल्या साधारण चार दात्या स्त्रिया. याला काही शारीरिक कारणं आहेत आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. पुरुषांमध्ये रक्तदाब, तंबाखू, दारू यांमुळे तपासणीत बाद होणारे बरेच निघतात. बाळंतपणं झालेल्या स्त्रीच्या रक्तात नवऱ्याच्या उतींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असू शकतात, त्यामुळे नवऱ्याने द्यायचं ठरवलं तरी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते आणि गाडी तिथेच अडते. हे सगळं धरूनही पाचातल्या चार हा आकडा शरीराने ठरवलेला नाही. पुरुष तपासणीत बाद होण्याआधी तपासणीपर्यंत यायला तर हवा! माझ्या खोलीत तो फाइल घेऊन येतो, आणि तपासायचा हात दाराजवळच्या खुर्चीवरून पुढे होतो.

अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०१४ च्या नियमांत याची दखल आहे. दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती पेशंटखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असं तिथे म्हटलं आहे. कागदावर ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात ती कशी पाळायची हे प्रत्येक समन्वयकाने स्वतः शोधायचं असतं. मी दात्या बाईला एकटी भेटते, दोनदा तरी, आणि एक भेट तपासण्या पूर्ण झाल्यावर, जेव्हा घरात सगळ्यांनी 'झालं आता' असं गृहीत धरलेलं असतं.

अशाच एका भेटीत इंदापूरकडची एक तरुण बाई माझ्यासमोर बसली होती. नवरा तिशीतला, डायलिसिसवर. हिचा रक्तगट ओ, सगळे रिपोर्ट उत्तम. मी विचारलं, "घरी कसं ठरलं हे?" ती म्हणाली, "ठरलं कुठं ताई? रक्तगट जुळला म्हणाले आणि गाडीत बसवलं." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला भ्या वाटतंय. लेक दोन वर्षांची आहे." आणखी काही कारण नव्हतं. सासरचे लोक वाईट नव्हते, मारहाण नव्हती, नवऱ्यावर तिचा जीव होता. तिला भीती वाटत होती, आणि भीती हे कारण पुरेसं असतं. घरी हे सांगू नका, एवढंच तिने मागितलं.

आम्ही घरच्यांना सांगितलं की दाता म्हणून त्या योग्य नाहीत. सासूबाई रडल्या, कोणता रिपोर्ट खराब आला म्हणून विचारत राहिल्या. दात्याचे रिपोर्ट दात्याचे असतात, ते तिच्याखेरीज कुणालाही दाखवत नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. अशा वेळी आम्ही खोटं बोलतो असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्याचं मन तयार नाही तो दाता योग्य नाहीच. वैद्यकीय योग्यतेत मन मोजलं जातं, म्हणून तर मानसोपचारतज्ज्ञाची भेट सक्तीची असते. हे मी इथे उघडपणे लिहिते आहे, ते वाचणाऱ्या कुटुंबांसाठी. तुमच्या घरातल्या कुणाला आमच्याकडून 'योग्य नाही' असं उत्तर आलं, तर कारण खोदत बसू नका.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. पेशंटच्या वडिलांना साखर निघाली. थोरला भाऊ आलाच नाही. पेशंटचं नाव मृत दात्यांकडून मिळणाऱ्या अवयवांसाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नोंदवलं. तो अजून डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा त्याला स्कूटरवर मागे बसवून सेंटरला नेते ती त्याची बायकोच.

म्हणजे प्रत्येक बायको दडपणाखाली येते, असं मी म्हणत नाही. सोलापूरच्या एका बाईंच्या माहेरच्यांनी त्यांना अडवण्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. भाऊ माझ्याकडे येऊन म्हणाला, "तुम्ही नापास करा तिला, आम्हाला ठाऊक आहे तुम्ही करता." मी बाईंना एकटं भेटले. त्या म्हणाल्या, "माझं शरीर, माझा नवरा. भाऊ मला सांभाळणार आहे का नंतर?" त्यांनी दिलं. नकार जपायचा तसा हा होकारही जपायचा असतो, आणि त्यासाठीही एकांतच लागतो.

शोध रुंद कसा करायचा, याचा एक प्रसंग मला आवर्जून सांगावासा वाटतो. पेशंट बाई होत्या, साताऱ्याकडच्या शाळेत शिक्षिका. नवऱ्याचा रक्तदाब जास्त, त्यामुळे तो बाद. आई वारलेली. बाईंनी ठरवून टाकलं होतं की आता यादीत नाव घालायचं आणि वाट बघायची. कुणाला विचारायचं नाही. मी म्हटलं, विचारू नका, फक्त सांगा. काय आजार आहे, काय लागतं, दात्याला किती दिवस लागतात, आणि माझा फोन नंबर, एवढं एका कागदावर लिहून त्यांच्या चुलतभावाने माहेरच्या सगळ्या सज्ञान माणसांना वेगवेगळं पाठवलं. कुणी काही बोललं नाही. मग एके दिवशी त्यांच्या धाकट्या भावाचा मला फोन आला. तो टेम्पो चालवतो. बहिणीला न सांगता त्याने रक्तगट तपासून घेतला होता.

अडचण भावजयीची होती, आणि ती अडचण खरी होती. तिने मला सरळ विचारलं, "यांना काही झालं तर माझ्या पोरांचं काय?" अशा बाईला घरात स्वार्थी ठरवतात. माझ्या मते त्या घरात हिशेब करणारी ती एकटीच होती. मी तिलाही आकडे सांगितले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते, दाता चार-पाच दिवसांत घरी जातो, पण सहा आठवडे तरी जड काही उचलायचं नाही, म्हणजे टेम्पोचा माल चढवणं-उतरवणं बंद. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी २०२३ पासून ४२ दिवसांची विशेष रजा मिळते. टेम्पोवाल्याला कोण देणार? इथे बऱ्याच लोकांना माहीत नसलेली एक तरतूद उपयोगी पडली. अवयवाच्या बदल्यात पैसे देणं हा गंभीर गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण दात्याचा या कामापायी बुडालेला रोजगार आणि झालेला खर्च भरून देणं कायद्याने 'मोबदला' मानलेलं नाही. शिक्षिकाबाईंच्या यजमानांनी टेम्पोचा हप्ता आणि तेवढ्या काळाचं घरखर्चाचं बघितलं, आणि हे सगळं कागदावर उघडपणे मांडलं. भावजय शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळपासून नणंदेच्या खाटेजवळ होती.

मागण्यापेक्षा सांगणं बरं, हे मी अशा घरांकडून शिकले. पेशंटने स्वतः मागू नये. त्याला मागता येत नाही आणि समोरच्याला नाकारता येत नाही. आईनेही मागू नये. घरातला एखादा शहाणा, ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे पण जो कुणावर दडपण आणत नाही, असा माणूस शोधावा. मामा, आत्या, चुलतभाऊ, कुणीही. त्याने प्रत्येकाला वेगळं गाठावं. सणासमारंभात, पंगतीत, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय काढू नये, कारण तिथे गप्प बसणारा लगेच सगळ्यांच्या नजरेत भरतो. आणि सांगून झालं की पुन्हा विचारू नये. जो देणार असतो तो येतो. त्याला थोडा वेळ लागतो, इतकंच.

वयाबद्दलही लोक उगाच माघार घेतात. साठी ओलांडलेले वडील, आजी यांची किडनी जुनी झाली, ती काय कामाची, असं परस्पर ठरवून टाकतात. प्रकृती उत्तम असेल तर साठीनंतरचेही दाते चालतात. या कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने तर आजी-आजोबा आणि नातवंडं यांना 'जवळचे नातेवाईक' या व्याख्येत घेतलं आहे. त्याआधी त्यात पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ आणि बहीण एवढेच होते.

या व्याख्येबाहेरचं कुणी, म्हणजे मामा, मावशी, मावसभाऊ, दीर, सासू, मित्र, द्यायला पुढे आलं तर प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं. मूळ कायदा १९९४ चा. महाराष्ट्र हे त्याची मागणी करणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी एक, गोवाही त्यात होता. ऐंशीच्या दशकात मुंबई-मद्रासकडे गरिबांची मूत्रपिंडं उघड विकत घेतली जात होती, ते थांबवायला तो आला. त्यामुळे समिती संशयाने विचारते, आणि ते योग्यच आहे. आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नातले जुने फोटो, तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे, प्रतिज्ञापत्र, पोलीस पडताळणी. मग समोरासमोर मुलाखत.

लोक या कागदपत्रांना फार वैतागतात. मला एक मावसभाऊ आठवतो. पेशंट आणि तो लहानपणी एकाच घरात वाढलेले, पण समितीला दाखवायला काही नव्हतं. फोटो पुरात गेलेले. शेवटी त्याच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून मावशीचं नाव सापडलं. समितीतल्या डॉक्टरांनी तो पिवळा पडलेला कागद एकमेकांना दाखवला आणि मंजुरी दिली. याउलट एका व्यापारी कुटुंबाने आणलेला 'चुलत भाऊ' पेशंटच्या मुलांची नावंही सांगू शकला नाही. वीटभट्टीवर काम करणारा माणूस होता तो. समितीने अर्ज फेटाळला. ते कुटुंब माझ्यावर खूप चिडलं, पेशंटच्या मरणाला मी जबाबदार राहीन असं म्हणालं. ते शब्द मला आजही लागतात. तरी समितीचा निर्णय बरोबर होता, आणि तो भट्टीवाला माणूस दोन मूत्रपिंडं घेऊन घरी गेला याचं मला समाधान आहे.

घरात दाता तयार आहे पण रक्तगट जुळत नाही, अशांसाठी वाट बंद झालेली नाही. रक्तातली प्रतिपिंडं काढून वेगळ्या रक्तगटाचंही प्रत्यारोपण करता येतं, पण ते महाग पडतं. दुसरी वाट अदलाबदलीची. दक्षिण कोरियात १९९१ मध्ये ती पहिल्यांदा झाली, आपल्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने आली. एका घरात नवरा ए गटाचा आणि बायको बी, दुसऱ्या घरात नवरा बी आणि बायको ए. मग या बायकोने त्या नवऱ्याला द्यायचं आणि त्या बायकोने या नवऱ्याला. प्रत्येक दाता आपल्या पेशंटचा जवळचा नातेवाईक हवा, एवढी अट. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे एकाला मिळून दुसऱ्याचं राहिलं असं होत नाही. अशा एका जोडीत एक कुटुंब नाशिकचं होतं आणि दुसरं लातूरचं. एकमेकांची भाषा एक, पण जात, पैसा, राहणी सगळं वेगळं. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही दात्या एकाच खोलीत होत्या. दोघीही बायका, हे इथेही नोंदवते.

दाता सापडला की शोध संपतो असं घराला वाटतं. शस्त्रक्रियेनंतर मी आधी दात्याच्या खोलीत जाते, कारण तिथे बहुधा कुणी नसतं. पेशंटचं नवं मूत्रपिंड ओटीपोटात बसवलेलं असतं, लघवी सुरू झालेली असते, क्रिएटिनिन रोज उतरत असतं, आणि सगळं घर त्या आनंदात काचेबाहेर उभं असतं. पेशंट आजारी होता, तो बरा होतो आहे. दाता धडधाकट होता, तो आजारी झाला आहे. त्याला दुखतं, उलटी होते, रडू येतं. कुणाशी बोलावं कळत नाही, कारण आपण चांगलं काम केलं आहे हे त्याला माहीत असतं आणि तरी वाईट वाटत असतं. हे दोन-तीन आठवडे टिकतं आणि बहुतेकांचं निघून जातं. पण त्या दिवसांत घराने त्याच्याजवळ बसावं. महिन्यांनी, वर्षांनी भेटणारे दाते मला शस्त्रक्रियेपेक्षा या एकटेपणाबद्दलच जास्त सांगतात.

पुढेही काही गोष्टी आयुष्यभर सांभाळाव्या लागतात. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासायचं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत, कुठल्याही डॉक्टरला आपण एक मूत्रपिंड दिलेलं आहे हे आधी सांगायचं. पेशंट आपल्या गोळ्यांसाठी नेमाने येतो, त्याशिवाय त्याचं चालतच नाही. दाता पहिल्या वर्षानंतर येत नाही. पेशंटच्या तारखेला दात्यालाही बरोबर आणा, असं मी प्रत्येक घराला सांगते. थोडी घरं ऐकतात.

खर्चाचं एक सांगते, कारण त्या धास्तीने लोक दाता शोधायलाच घाबरतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपण बसतं आणि त्याची मर्यादा २०२३ मध्ये ४.५ लाखांपर्यंत वाढवली. डायलिसिसही त्यात होतं. शस्त्रक्रियेनंतरची औषधं मात्र आयुष्यभर लागतात, त्याचा हिशेब आधी मांडावा. आणि घरात दात्याची खात्री नसेल, तर शोध चालू असतानाच विभागीय केंद्राच्या यादीत पेशंटचं नाव घालून ठेवावं. यादीत नाव घालणं म्हणजे आशा सोडणं, असं मानून लोक वर्षं घालवतात, आणि तो वेळ पुन्हा मिळत नाही.

तुमच्या घरात हा शोध सुरू असेल, तर आमच्याकडे पहिल्या भेटीला येताना एकट्या सुनेला किंवा आईला घेऊन येऊ नका. भाऊ, वडील, काका, जावई, जे कुणी सज्ञान असतील त्या सगळ्यांचे रक्तगट आणि शक्य असेल तर साखर आणि रक्तदाबाचे कागद बरोबर आणा. आणि तुम्ही स्वतः ती फाइल हातात धरून आला असाल, तर सगळ्यात आधी स्वतःचा रक्तगट तपासून या.